कोपरा फाटलेलं कार्ड

परवा माझ्या नातवाला मुलाखतीचं बोलावणं आलं. मोबाइलवर आलं. त्यानं ते उभ्याउभ्याच वाचलं, आईला दाखवलं आणि पुन्हा जेवायला बसला. मी त्याला तीनदा विचारलं, "तारीख नीट वाचलीस ना? वेळ वाचलीस?" तिसऱ्यांदा विचारल्यावर तो आईकडं बघून हसला. म्हातारपणी माणूस एकच गोष्ट घोकत बसतो, असा त्या हसण्याचा अर्थ. असेल बुवा. पण मला सुदाम आठवला होता, आणि सुदाम आठवला की मला घास गिळवत नाही.

आमच्या वेळी बी.ए. झालेला पोरगा पहिल्या वर्षी काय करतो हे ठरलेलं होतं. आधी उस्मानाबादला जाऊन सेवायोजन कचेरीत नाव नोंदवायचं. मग पँटला इस्त्री करून घ्यायची. मग फाट्यावरच्या हॉटेलात एका चहावर कालचा पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, आणि कुणी "काय चाललंय सध्या?" असं विचारलं की तोंड चुकवायचं. मी हे सगळं इमानेइतबारे केलं. सुदामनं शेवटचं तेवढं केलं नाही. त्याला कुणीही काहीही विचारलं तरी तो मान वर करून एकच उत्तर द्यायचा, "अर्ज केलाय."

काय सुदाम, बरं हाय का? अर्ज केलाय. लग्नाचं कुठवर आलं? अर्ज केलाय. बहात्तर साली मृग कोरडा गेला, पोळा कोरडा गेला, आभाळाकडं बघून बघून माणसांच्या माना धरल्या. तेव्हा हॉटेलातल्या एका म्हाताऱ्यानं त्याला डिवचलं, "का रं बी.ए., पावसाचं काय म्हनतंय तुजं सरकार?" सुदाम पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "अर्ज केलाय आजोबा. वरून पोच यायचीय अजून." सगळं हॉटेल हसलं. म्हाताऱ्यानं त्याला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

तामलवाडीजवळच्या त्या फाट्याच्या एका अंगाला माझं गाव, दुसऱ्या अंगाला त्याचं. मध्ये दीड कोसाचं अंतर. उस्मानाबादच्या कॉलेजात आम्ही चार वर्षं एका बाकावर बसलो. तो बौद्ध वस्तीतला, त्याच्या वस्तीतला पहिला पदवीधर. बाप लहानपणीच गेलेला. घरात आई गोदाबाई, आणि धाकटी बहीण शांता. शांताला तिकडं लांब परंड्याकडं, सोनारीजवळच्या एका वाडीत दिली होती.

सुदाम दिसायला काटकुळा, उंच, कानांच्या पाळ्या मोठ्या. "पाळ्या मोठ्या म्हंजे नशीबवान," असं त्याची आई म्हणायची. त्याच्याकडं पांढरा शर्ट एकच होता. टँकरच्या पाण्याला मारामारी चालायची त्या दिवसांत तो भांडी विसळलेलं पाणी निवळून घ्यायचा, त्यात शर्ट धुवायचा आणि घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेखाली दाबून ठेवायचा. त्या शर्टात मी त्याला त्या वर्षात फार तर दोनदा पाहिला असेल. "सरकार कवा बी बोलवंल," तो म्हणायचा. "त्या दिवशी शर्ट धुवायला पाणी कुठनं आणू?"

आमच्या घरी तो यायचा तेव्हा त्याचा कप वेगळा असायचा, ओसरीवरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. हे लिहायला लाज वाटते, पण तसं होतं. तो आपणच कप काढायचा, चहा पिऊन आपणच धुवायचा आणि होता तसा पालथा घालायचा. मी एकदा चिडून म्हणालो, "मी आज आईशी भांडतो." तो म्हणाला, "भांडू नको. अर्ज केलाय." त्याच्या घरी मात्र मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गोदाबाई मला "मालक" म्हणाली, आणि सुदाम कधी नव्हे तो भडकला. "माय, ह्यो मालक न्हाय. माज्या बाकावरचा हाय." तेव्हापासून ती मला "बाबा" म्हणायला लागली, आणि मी तिला मावशी.

नोकरीच्या अर्जाला गुणपत्रिकेच्या नकला जोडाव्या लागत, आणि त्या खऱ्या आहेत म्हणून गॅझेटेड अधिकाऱ्याची सही लागे. गॅझेटेड अधिकारी म्हणजे आमच्या भागात वाघ बघण्यासारखं. कुणीतरी सांगितलं की जनावरांचा डॉक्टर चालतो. डॉक्टर त्या दिवसांत गुरांच्या छावणीवर असायचा. आम्ही दोघं भर उन्हात तिथं गेलो. हाडं वर आलेल्या गायींची रांग लागली होती. सुदाम मुकाट्यानं त्या रांगेत उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, पुढं जाऊन सही माग." तो म्हणाला, "तिचा नंबर माज्या आधी हाय," आणि पुढच्या गायीच्या मानेवरून हात फिरवत राहिला. तास-दीड तासानं आमची पाळी आली. डॉक्टरनं मान खाली घालूनच विचारलं, "काय होतंय?" सुदाम म्हणाला, "बी.ए. झालोय साहेब." डॉक्टरनं वर बघितलं आणि इतक्या जोरात हसला की गाय बुजली. त्यानं सगळ्या नकलांवर सह्या तर केल्याच, वर आम्हाला आपल्या डब्यातली भाकरी दिली.

दिवाळीनंतर सुदामच्या गावच्या शिवारात दुष्काळी काम निघालं. पाझर तलाव. सगळं गाव तिथं खडी फोडायला आणि माती वाहायला. सुदामला हजेरी घ्यायला नेमलं, रोजावरच. शेकडो माणसं मातीनं माखलेली आणि हा खिशाला पेन लावून हजेरीपट घेऊन टेकाडावर उभा. हजेरी घ्यायची त्याची एक रीत होती. इतर कामांवर मुकादम बायकांना "ए कोंडे, ए सखे" असं पुकारत. सुदाम प्रत्येकीचं पुरं नाव घ्यायचा, वर "बाई" लावून. पाटलाच्या घरची सून असो नाहीतर वस्तीतली विधवा, आवाज तोच. पहिल्या दिवशी कित्येक बायकांना आपलंच नाव ओळखू आलं नाही. "कोंडाबाई मारुती" असं पुकारल्यावर कोंडी इकडंतिकडं बघत बसली. शेजारणीनं ढोसल्यावर लाजून म्हणाली, "व्हय, म्याच की ती."

आणि तीनदा पुकारल्याशिवाय तो कुणाची गैरहजेरी लावत नसे. एकदा पुकारायचा, पट पुढं न्यायचा, मागं यायचा, पुन्हा पुकारायचा. मुकादम कावायचा. सुदाम म्हणायचा, "टँकरपशी अडकली आसंल. वाटंत आसंल. कुणाला तरी इचारा." आणि बहुतेक वेळा तिसऱ्या हाकेला खरंच कुणीतरी पायवाटेवरून धावत, दम खात, "आले, आले" करत यायचं.

त्याच यादीत त्याची आई होती. तो तिलाही पुकारायचा, "गोदाबाई लक्ष्मण." खडीच्या ढिगाआडून आवाज यायचा, "हाय रं माज्या राजा." पट्टेवाल्यापासून ओव्हरसियरपर्यंत सगळे हसायचे. सुदाम मात्र हसायचा नाही, हजेरीची खूण करायचा आणि पुढचं नाव घ्यायचा. तिच्या हाताला घट्टे पडले होते, अंगठ्याचं नख चेचून काळं पडलं होतं. तिला एवढंच पाहिजे होतं की पोराला चिठ्ठी यावी आणि त्यानं पंख्याखाली बसावं. "खुर्चीवर बसलेला बगितला की म्या मेले तरी चालंल," ती मला म्हणायची. सुदामला नोकरी हवी होती ती या हातोडीपायी. स्वतःसाठी त्यानं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

दुपारच्या सुट्टीत तो बाभळीखाली बसून लोकांची पत्रं लिहायचा. पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांना, सासरी गेलेल्या लेकींना. पोस्टाच्या कार्डाची आमच्याकडं एक रीत होती, नव्या पोरांना ती माहीत नसणार. मरणाची बातमी असली की कार्डाचा एक कोपरा फाडायचा. असं कार्ड आलं की ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं आणि फाडून टाकायचं. वाचता येत नसलं तरी बिघडत नसे, कोपरा बघितला की बाया हंबरडा फोडायच्या. सुदाम तेव्हा लोकांच्या सांगण्याप्रमाणं कोपरा फाडायचा, पण आईला चिडवायचा. "माय, छप्पन सालापासनं आपुन देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. मंग ह्यो कोपरा कशाला धरून बसलीस?" गोदाबाई हातोडी न थांबवता म्हणायची, "द्येव सोडले बाबा, म्हून मानसं मरायची थांबली का?"

त्या वर्षी शांताला दिवस गेले होते. पहिलटकरीण. रीतीप्रमाणं ती माहेरी यायला हवी होती, पण माहेरी प्यायला पाणी नाही तर बाळंतिणीला न्हायला कुठून आणणार? सासरच्या विहिरीला थोडं पाणी होतं. गोदाबाईनंच निरोप धाडला, तिथंच रहा. निरोप धाडला आणि त्या दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला. घासाघासाला पोरीचं नाव घ्यायची.

चैत्र संपता संपता मला सेवायोजन कचेरीचं कार्ड आलं. सहकारी सोसायट्यांच्या गटसचिवाच्या जागा होत्या, मुलाखत चार दिवसांनी उस्मानाबादला. कार्ड छापील, मध्ये माझं नाव शाईनं भरलेलं. आमच्या दोघांची नोंदणी एका दिवशी झालेली, त्याचे गुण माझ्यापेक्षा चांगले. मला आलं म्हणजे त्यालाही येणार हे उघड होतं. एरवी मला पडसं झालं तरी मी दीड कोस चालत त्याला सांगायला जायचो. त्या चार दिवसांत मी गेलो नाही. ऊन फार होतं, असं मी घरी म्हणालो.

त्याचं कार्ड मुलाखतीच्या आदल्या दिवशी आलं. टपालवाला वस्तीवर आला तेव्हा घरं बंद, माणसं सगळी तलावावर. त्यानं सुदामच्या दाराच्या कडीत कार्ड खोचलं आणि तो गेला. दारात शेळी बांधलेली होती. दुष्काळातली शेळी, कुडाच्या काड्या खाऊन खाऊन तिनं भिंत उघडी केली होती. तिनं मान लांब करून कार्डाला तोंड घातलं. पोचलं तेवढं खाल्लं. एक कोपरा.

गोदाबाई दुपारी टँकरसाठी काम सोडून घरी आली, तिनं कडीत कार्ड बघितलं. कोपरा नाही. घागर तिथंच पडली. सुदाम हजेरीपट घेऊन तुळजापूरला गेलेला, वस्तीत वाचणारं दुसरं कुणी नाही, आणि वाचून तरी काय घ्यायचं होतं तिला? जिवाला लागलेला घोर एकच होता. तिनं ते कार्ड पदराला बांधलं, शेजारच्या म्हातारीला "माजी शांता ग्येली" एवढं सांगितलं आणि अनवाणी फाट्याकडं पळत सुटली.

सुदाम दिवस मावळायला परतला. म्हातारीनं त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, कार्ड कुठंय? "घिऊन ग्येली की पदरात. कोपरा न्हवता, म्या सोता बगितला." आणि कोपऱ्यावरून आईची चेष्टा करणारा, वस्तीतला पहिला बी.ए. झालेला सुदाम, त्यानंही दुसरा प्रश्न विचारला नाही. सकाळच्या पहिल्या गाडीला तो फाट्यावर आला.

फाट्यावर मी होतो. रस्त्याच्या अलीकडं, लिंबाखाली, तुळजापूर-उस्मानाबादच्या गाडीची वाट बघत. अंगात नवा शर्ट, बगलेत फाइल. तो रस्त्याच्या पलीकडं सोलापूरच्या गाडीसाठी उभा राहिला. सोलापूरहून बार्शी, बार्शीहून परंडा. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की मुलाखतीच्या दिवशी सुदाम उलट्या दिशेला निघालाय, आणि त्याच्या अंगात पांढरा शर्ट नाही. कालचा मातीचाच सदरा आहे. त्याचं तोंड बघून काहीतरी झालंय हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मध्ये अंतर रस्त्याच्या रुंदीएवढं. मी हाक मारली नाही. का मारली नाही ते सरळ सांगतो. जागा तीन होत्या आणि माझ्या मनात आलं, एक कमी झाला. एवढंच आलं. मग मी गाडी येते का म्हणून लांबवर बघू लागलो. आधी सोलापूरची गाडी आली, धुरळा उडाला, आणि धुरळा बसला तेव्हा पलीकडं कुणी नव्हतं.

हाक मारली असती तरी तो बहिणीकडंच गेला असता, असं मी पन्नास वर्षं स्वतःला समजावतोय. खरंही असेल. पण उस्मानाबादला शिपायानं बाहेर येऊन त्याचं नाव तीनदा पुकारलं. तीनदा. मी समोरच्या बाकावर बसलो होतो. "त्याच्या घरी काहीतरी झालंय, त्याला उद्या बोलवा," एवढं म्हणायला काय जात होतं माझं? तिसऱ्या हाकेनंतर शिपायानं कागदावर फुली मारली आणि पुढचं नाव घेतलं. ते माझं होतं.

पुढचं मला सुदामनंच सांगितलं. पाऊस पडून गेला होता, मी नोकरीवर रुजू झालो होतो आणि पेढे घेऊन त्याच्याकडं गेलो होतो. गोदाबाई बाहेर शेळीला पाला घालत होती. सुदामनं ट्रंक उघडली आणि ते कार्ड माझ्या हातात दिलं. कोपऱ्यावर दातांच्या बारीक खुणा होत्या.

सोनारीच्या वाडीत तो पोचला तेव्हा दुपार टळली होती. शांता दारात बसून रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत होती. पोट हे एवढं. शेजारी माय बसलेली, आदल्या संध्याकाळपासून पोरीचा हात न सोडलेली. ती हसत होती आणि रडत होती. सुदाम तसाच धुळीत बसला. मग मायनं पदराची गाठ सोडली. "मंग ह्ये कुनाचं हाय रं? तूच वाच बाबा. दुसऱ्या कुनाकडनं वाचून घ्यायचा धीर झाला न्हाय."

त्यानं वाचलं. सकाळी अकरा वाजता, उस्मानाबाद.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. म्हनलं, काय न्हाय माय. कचेरीतला नंबर नवा करून घ्या म्हून कार्ड धाडलंय. सवडीनं ग्येलं तरी चालतंय." सुदामनं बाहेर बघून आवाज आणखी खाली आणला. "गावात आन् मायला म्या सांगितलंय, नंबर नवा कराय ग्येलो तवा मुलाखत बी झाली, घेतलं न्हाय. तू बी त्येच सांग. मायला कळलं तर ती तोंडानं काय बोलनार न्हाय, पर जेवायची बंद हुईल. एका कार्डापायी मला माय घालवायची न्हाय."

मी मान हलवली. एक पेढा तोंडात टाकला.

"त्या दिवशी तू फाट्यावर हुतास," तो म्हणाला. "हाक मारावी वाटलं. पर तू इतका नटूनथटून निगालेला. म्हनलं, गडी चांगल्या कामाला चाललाय, कशाला सक्काळी सक्काळी मयताची खबर सांगायची. म्हून गप ऱ्हायलो."

मी त्याला तेव्हा सांगायला हवं होतं. आज नातवाला सांगू शकत नाही ते तेव्हा सुदामला सांगायला हवं होतं. त्यानं मला माफ केलं असतं, नव्हे, त्यानं "अर्ज कर" असं म्हणून माझी थट्टाच केली असती. मी पेढा गिळला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. दारात येऊन सुदाम शेळीला म्हणाला, "काय बाई, कसा झाला तुजा इंटरव्ह्यू?" गोदाबाई हसली. तिच्या लेकाला असल्या गमती करायची सवयच होती.

त्यानंतर त्याचं नाव यादीत मागं गेलं. बोलावून गैरहजर राहिला, असा शेरा पडला होता. दर उन्हाळ्यात नवे पदवीधर निघत होते, त्यांचे गठ्ठे त्याच्या नावावर पडत गेले आणि बघता बघता वयाची अट आली. रोजगार हमीच्या कामांवर तो मुकादम झाला, पुढं काही वर्षं ढोकीकडं ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याला जाणाऱ्या गाड्यांच्या चिठ्ठ्या फाडायचं काम केलं. लग्न झालं, दोन मुलं झाली. गावात लोक म्हणायचे, "शिकून काय दिवे लावले? इंटरव्ह्यूत तोंडातनं शब्द फुटला नसंल." गोदाबाई भांडायला उठायची, मुलाखत घेणाऱ्यांच्या सात पिढ्या काढायची. सुदाम तिला खाली बसवायचा. मी त्या वेळी तिथं असलो की माझ्या पँटच्या इस्त्रीकडं बघत बसायचो.

पत्रं लिहिणं त्यानं सोडलं नाही, पण रीत बदलली. साध्या पत्राची पहिली ओळ आता एकच असायची, "सर्व खुशाल, घाबरू नये." आणि मयताच्या कार्डाचा कोपरा तो फाडेनासा झाला. जाणती माणसं रागवायची, तो ऐकायचा नाही. "आत ल्हिवलंय की. वाचू द्या मानसाला," म्हणायचा. शेवटी लोक कार्ड त्याच्याकडून लिहून घ्यायचे आणि घरी जाऊन कोपरा आपण फाडायचे.

मी त्याला शेवटचा बघितला तो उस्मानाबादच्या एस.टी. स्टँडवर, त्या मुलाखतीला बारा वर्षं होत आली होती तेव्हा. डोक्यावर अर्धे केस पांढरे, डोळ्यांत पिवळी झाक. वस्तीतल्या एका नव्या बी.ए. झालेल्या मुलीला तो सेवायोजन कचेरीत नाव नोंदवायला घेऊन आला होता. कुणा प्रवाशाच्या ट्रंकेवर अर्ज ठेवून ती लिहीत होती आणि हा उन्हाच्या बाजूनं उभा राहून तिच्यावर सावली धरत होता. मला बघून हात वर केला. मी विचारलं, "कसा आहेस?" तो हसला. "अर्ज केलाय." मग तिच्याकडं वळून म्हणाला, "पत्ता मोठ्या अक्षरात ल्ही. आन् खाली ल्ही, कार्ड हातात द्यावे, कडीत खोचू नये." माझी गाडी लागली होती. त्या वेळी मात्र मी खिडकीतून त्याला हाक मारली, दोनदा मारली. स्टँडवरच्या गलक्यात त्याला ऐकू गेली नाही. तो त्या मुलीच्या अर्जावर वाकला होता.

महिन्याभरात तो काविळीनं गेला.

मला दुसऱ्या दिवशी निरोप मिळाला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. जवळच्या पाहुण्यांना माणसं धाडली होती, लांबच्यांना जलदान विधीची तारीख कळवायची होती. वस्तीत आता लिहिणारी चार पोरं होती, पण गोदाबाईनं माझं नाव घेतलं. "बाकावरचा हाय त्येच्या. त्येला ल्हिवू द्या." सुदामच्याच ट्रंकेवर कार्डं ठेवून, त्याच्याच पेनानं मी लिहायला बसलो. ट्रंकेखाली पांढऱ्या शर्टाची घडी होती.

अकरा कार्डं लिहिली. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "कोपरं फाडा आता." मी पहिल्या कार्डाचा कोपरा चिमटीत धरला.

"नगं," गोदाबाई म्हणाली. आतापर्यंत ती भिंतीला टेकून बसली होती. ती सरकत पुढं आली आणि माझ्या हातावर हात ठेवला. अंगठ्याचं ते नख अजून काळंच होतं. "फाडू नगा, बाबा. कोपरा फाटल्यालं कार्ड मानूस वाचत न्हाय. नुस्तं पळत सुटतंय."

मी तिच्याकडं बघितलं.

"म्या पळाले हुते," ती म्हणाली.

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? कार्ड वाचता येत न्हाय मला. लेकराचं त्वांड येतंय की. त्यानं वाचलं आन् म्हनला, काय न्हाय माय. तवाच कळलं." ती पदरानं तोंड पुसत राहिली. "त्यो म्या जेवावं म्हून बोलला न्हाय. म्या त्यानं जेवावं म्हून इचारलं न्हाय. बारा वर्सं आमी दोगं एका ताटात जेवलो, बाबा."

मला त्या क्षणी फाट्यावरचं सगळं तिला सांगून टाकावंसं वाटलं. ओठावर आलं. ती म्हणाली, "तुमी लई केलं त्येच्यासाठी. त्यो नेमी म्हनायचा, मला एक दोस्त हाय." आणि मी पुन्हा गप्प बसलो.

तिनं एकेक कार्ड हातात घेतलं, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवून बघितलं आणि माझ्याकडं दिलं. अकरा कार्डं घेऊन मी फाट्यावर आलो. टपालपेटी लिंबाच्या बुंध्याला टांगलेली होती, मी त्या दिवशी जिथं उभा होतो तिथंच. कार्डं टाकली आणि कितीतरी वेळ रस्त्याच्या पलीकडं बघत उभा राहिलो.